माळ्यावरचं व्हायोलिन: २९ वर्षांनी परत सुरू करतेय, जरा अक्कल शिकवा

सायली_ठाणे | १४ जून, रात्री ११:२०

बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर सांगली. नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत व्हायोलिन शिकले. हिंदुस्थानी, मांडी घालून. गांधर्वच्या संगीत परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत झाल्या, विशारदचा फॉर्म भरायचा तेवढ्यात बारावी आली. "एवढं वर्ष जाऊ दे, मग बघू," असं घरात ठरलं. ते 'मग' आता उगवलंय. मधे इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण, सगळं यथासांग.

गेल्या महिन्यात आईला कायमचं ठाण्याला आणलं. २०१९ च्या पुरात आमच्या घरात खिडकीपर्यंत पाणी होतं, तेव्हापासून तिचं तिथे मन लागत नव्हतं. घर रिकामं करताना माळ्यावर व्हायोलिनची पेटी निघाली. खाली फ्रिज, कपाटं, लग्नाचे अल्बम सगळं गेलं होतं आणि ही वर कोरडीठाक. म्हणजे मला तसं वाटलं.

उघडली. आत हिरवी मखमल, गजाच्या केसांना घासायच्या राळेचा तुकडा, मध्यमाचं हॉलतिकीट. गज उचलला तर केस हातात आले. एकेक नाही, झुबकाच. बाकीचे मखमलीवर पसरलेले, मांजर झोपून उठल्यासारखे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आडवी पडलेली. व्हायोलिन हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. आणि एका बाजूला वरची फळी आणि कड यांच्यामधे नख जाईल एवढी फट.

तर प्रश्न असे. हे दुरुस्त होईल का, की नवीन घेऊ? शिक्षक लागेलच का, की आठ वर्षांच्या पुंजीवर आपलं आपण जमेल? वय ४६, मानेचा त्रास आहे, डाव्या खांद्याचा पण. आणि आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, भिंती पापडासारख्या.

---

आगाऊ_कार्टा | १५ जून, सकाळी ८:०५

ताई, नवीन घ्या. ऑनलाइन पाच हजारांत पेटी, गज, राळ सगळं येतं. जुन्याच्या मागे लागून डोक्याला ताप.

---

मुक्कामपोस्टमिरज | १५ जून, सकाळी ९:४०

कार्ट्या, थांब जरा.

सायलीताई, पहिलं काम: त्या फटीला घरात कुणालाही फेविकॉल लावू देऊ नका. नवरा, मुलगा, कुणालाही नाही. हात जोडून सांगतो.

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनतात, व्हायोलिन हा आमचा मूळ धंदा नव्हे. पण मिरजेत दुरुस्तीला सगळंच येतं, त्यामुळे उघडलेली व्हायोलिनं पुष्कळ बघितलीत. वरची आणि खालची फळी कडेला सरसाने चिकटवलेली असते. सरस मुद्दाम वापरतात, कारण तो लाकडापेक्षा आधी हार मानतो. दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. त्या ओढाताणीत काहीतरी सुटणारच, तर सांधा सुटावा, फळी चिरू नये. सुटलेला सांधा परत बसवता येतो. फेविकॉल लावलात की पुढच्या वेळी सांधा सुटणार नाही, फळी फुटेल. आणि ती उघडायची कुणाची छाती होणार नाही.

तुमची पेटी पाण्यापासून वाचली, दमटपणापासून नाही. पूर ओसरल्यावर घर महिनोन्महिने ओल धरून असतं.

आत खुळखुळतंय तो साउंडपोस्ट. पेन्सिलीएवढी लाकडी काडी, दोन फळ्यांच्या मधे नुसत्या दाबावर उभी असते, चिकटवलेली नसते. फ्रेंच लोक तिला व्हायोलिनचा आत्मा म्हणतात. ती पडलेली असताना तारा ताणल्या तर घोडीचा सगळा भार पोकळ फळीवर येतो आणि फळी बसते. तेव्हा तारांना हात लावू नका. आहेत तशा सैल ठेवा.

केस खाल्लेत किड्यांनी. बारीक केसाळ अळी असते, लोकर नि रेशीम खाणाऱ्यांच्याच जातीतली. बंद, अंधाऱ्या पेटीत तिची चंगळ. गजाचे केस घोड्याचे, म्हणजे तिला पक्वान्नच. मखमल ब्रशने झाडा, व्हॅक्यूम मारा आणि पेटी दोन दिवस उन्हात उघडी टाका. फक्त पेटी, व्हायोलिन नव्हे! आणि हे न करता नवे केस बसवलेत तर तेही जातील.

खर्च कमी नाही, पण पाच हजारांच्या खोक्यापेक्षा हे नक्की बरं वाजेल. फोटो टाका, बघून सांगतो.

---

आगाऊ_कार्टा | १५ जून, सकाळी ९:५२

दंडवत घ्या मिरजकर. गप बसतो.

---

मडगांवकार | १५ जून, दुपारी १:१५

मस्त धागा. माझी कथा थोडी उलटी. आजोबांचं व्हायोलिन घरात होतंच, ते कॉयरमध्ये वाजवायचे. पोर्तुगीज वेळच्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा (पाश्चात्य सारेगम) नि व्हायोलिन शिकवायचे, त्या पिढीचे. पुढे त्यातलीच मुलं मुंबईला सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस आमच्या माजोर्ड्याचेच. आमच्या आजोबांना कुणी मुंबईला नेलं नाही, ते मडगावातच राहिले नि लग्नांत वाजवत राहिले.

मी बारा वर्षांचा असताना सोडलं, बावन्नाव्या वर्षी धरलं. वेस्टर्न, उभं राहून, समोर कागद. माझा अनुभव असा की वाचायला येतं ते जात नाही. कागद समोर ठेवला की डोकं लगेच सांगतं हा अमुक सूर. बोट मात्र भलतीकडे पडतं. पहिले तीन महिने घरचा कुत्रा खोली सोडून जायचा. आता जात नाही. तो बहिरा झाला असं बायको म्हणते, ते सोडा.

मांडी घालून बसणं जमत नसेल तर उभ्याने वाजवा की. कोण विचारतो?

---

जुना_गज | १५ जून, सायंकाळी ६:३०

मी विचारतो. 🙂

मांडी घालून बसायची पद्धत ही काही सोवळ्याओवळ्याची गोष्ट नाही. उभ्याने वाजवणारा हनुवटी आणि खांद्यात व्हायोलिन धरतो, डावा हात ठरावीक जागांवर उड्या मारतो. आपल्याला मींड लागते. एका बोटाने षड्जापासून पंचमापर्यंत (सा ते प) घसरत जायचं, तर डावा हात मोकळा हवा. म्हणून वाद्य दोन टोकांना टेकवलेलं असतं: एक टोक छाती-खांद्यापाशी, दुसरं टोक, म्हणजे खुंट्यांच्या पुढचा गोंडा, उजव्या पावलावर. हात वाद्याला धरून ठेवत नाही, त्यावर फिरतो. उभ्याने हिंदुस्थानी वाजवणारे आहेत, नाही असं नाही. पण या बाईंचा हात आठ वर्षं बसून घडलाय.

सायलीताई, मी ६८ वर्षांचा आहे. रेल्वेत होतो. नोकरीत अकरा वर्षं वाद्य बंद होतं, बदल्यांमुळे. परत धरलं तेव्हा जे झालं ते सांगतो, कारण तुमचंही तेच होणार.

या २९ वर्षांत तुम्ही ऐकणं थांबवलं नसणार. गाडीत, स्वयंपाकघरात, मैफिलीत ऐकलंच असेल. म्हणजे कान वाढला. हात मात्र बारावीच्या फॉर्मपाशी उभा आहे. सतराव्या वर्षी तुमचा गंधार, म्हणजे ग, थोडा चढा लागत असेल तर तुम्हाला कळतही नसेल, गुरुजींना कळत असेल. आता तुम्हाला कळेल. प्रत्येक वेळी. आणि बोट ऐकणार नाही. सोडून देतात ते याच टप्प्यावर, बोटं दुखतात म्हणून नाही.

उपाय एकच मला माहीत आहे आणि तो कंटाळवाणा आहे. दोन महिने राग नाही. मोकळ्या तारा. एक गज, सुरुवातीपासून टोकापर्यंत, वीस सेकंद. समोर आरसा, गज घोडीला समांतर जातोय का बघायचं. तिरका गेला की आवाज खरवडतो, आणि आपण दोष देतो राळेला.

---

सायली_ठाणे | १५ जून, रात्री १०:४५

बापरे, एवढे प्रतिसाद! मिरजकर, फोटो टाकलेत. नवऱ्याच्या हातात खरंच फेविकॉल होता. मी खोटं बोलत नाही.

जुना_गजकाका, गंधाराचं तुम्हाला कसं कळलं? गुरुजी रोज म्हणायचे, "सायली, ग खाली." रोज. आठ वर्षं.

---

डॉ_खांदा | १६ जून, सकाळी ७:१०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्हायोलिन येत नाही, पण व्हायोलिनवाले येतात.

४६ व्या वर्षी मांडी घालून बसताना पाठीचा कणा गोल होतो आणि मान पुढे येते. सतराव्या वर्षी पण होत असेल, तेव्हा शरीर तक्रार करत नव्हतं. एक घोंगडी घडी घालून फक्त बसायच्या जागी, नितंबांखाली ठेवा, गुडघ्यांखाली नको. कंबर चार बोटं वर आली की पाठ आपोआप सरळ होते.

एक तास सलग नको. वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. गज साधारण ६० ग्रॅमचा असतो, खांदा त्याने दुखत नाही. खांदा कानाकडे उचलून धरल्याने दुखतो. दर पाच मिनिटांनी खांदे खाली सोडा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, मुंग्या आल्या, तर "होईल सवय" म्हणून वाजवत बसू नका. कोपराच्या आतून जाणारी नस दाबली जात असते. डॉक्टरांना दाखवा. बोटांची टोकं हुळहुळणं वेगळं, ते घट्टे पडले की थांबतं.

---

एडिसनची_आई | १६ जून, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली!

इकडे न्यू जर्सीत मुलीच्या शाळेत ऑर्केस्ट्रा आहे, तिला दुकानातून भाड्याने व्हायोलिन आणलं. इथे हे बरं आहे, मूल वाढलं की छोटं परत करून मोठं घ्यायचं. ती सुझुकी पद्धतीने शिकते आणि त्यात सुरुवातीला आईबापांनीही थोडं शिकावं अशी अपेक्षा असते. मी डोंबिवलीला सातवीपर्यंत शिकले होते, तर म्हटलं चला. मीही फुल साइज भाड्याने आणलं.

आता रोज संध्याकाळी माझी आठ वर्षांची मुलगी मला शिकवते. "आई, युअर थंब." "आई, यू आर स्क्वीझिंग." तिचं बरोबर असतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

तिच्या टीचरने पट्टीवर सुरांच्या जागी बारीक चिकटपट्ट्या लावल्यात. मी पण लावून घेतल्या. सायली, तूही लाव, लाज कसली? आणि ट्यूनर अ‍ॅप ठेव समोर. सूर बरोबर लागला की हिरवा दिवा लागतो.

---

जुना_गज | १६ जून, सकाळी ९:३५

चिकटपट्ट्या लावल्या की डोळा वाजवतो आणि कान झोपतो.

आणि त्या हिरव्या दिव्याबद्दल. ते अ‍ॅप हार्मोनियमच्या, पियानोच्या सुरांवर बेतलेलं असतं. तिथे सप्तकाचे बारा भाग सारखे केलेले असतात. तंबोऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो त्या गंधारापेक्षा खाली असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग खाली. कानाला हा फरक चांगला कळतो. म्हणजे हिरवा दिवा लागला तर आपला 'ग' चढा आहे असं समजा!

सायलीताईंचा गंधार आधीच चढा. अ‍ॅप लावून तो पक्का करायचा असेल तर करा.

---

एडिसनची_आई | १६ जून, सकाळी ९:५०

काका, माझी मुलगी हिंदुस्थानी वाजवत नाहीये. तिच्या बाजूला वीस मुलं तोच सूर वाजवतात आणि मागे पियानो असतो. तिने तुमचा चौदा भाग खालचा 'ग' लावला तर तिलाच उठवतील.

---

मडगांवकार | १६ जून, सकाळी १०:२०

+१ एडिसन. शिवाय आम्ही वेस्टर्नवालेही पियानो नसला की गंधार थोडा खालीच लावतो, कॉर्ड गोड लागते. कान तिथेही झोपत नाही. हलके घ्या, काका.

---

जुना_गज | १६ जून, सकाळी १०:४१

हे मला माहीत नव्हतं. मान्य. पट्ट्यांबद्दल मात्र मान्य नाही.

---

आगाऊ_कार्टा | १६ जून, सकाळी ११:००

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत विचारतो: नवशिक्याने ऐकायचं काय? मला फक्त सिनेमातलं दुःखी व्हायोलिन माहितीये.

---

जुना_गज | १६ जून, दुपारी १२:१५

दुःखी व्हायोलिन! हे ऐकून ऐकून कान किटले. बरं, घे.

वाईत जन्मलेले व्ही. जी. जोग. त्यांच्या बाजात सतारीसारखी तंतकारी, म्हणजे तंतुवाद्याचा ढंग, भरपूर, लयीशी खेळ चाललेला. बिस्मिल्लाखाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी ऐक, दुःख कुठे सापडतंय ते मला सांग. त्यांच्या आधीचे गजाननराव जोशी. गवय्ये म्हणून मोठे आणि व्हायोलिनवादक म्हणूनही, दोन्ही एकाच माणसात. डी. के. दातार ऐक, द. वि. पलुसकरांच्या घराशी नातं असलेला हात, गाणं जसंच्या तसं गजात. एन. राजम यांच्याकडे तर गायकी अंगाची कमाल. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या, ख्याल ऐकताना शब्द आहेत असाच भास होतो. गोव्याचे श्रीधर पार्सेकर. त्यांचं जे मिळेल ते ऐक.

आणि प्रभाकर जोग. गीतरामायणात बाबूजींच्या (सुधीर फडके) साथीला त्यांचं व्हायोलिन. तुझ्या आजीला विचार, 'गाणारं व्हायोलिन' म्हटलं की तिला कुणाचं नाव आठवतं.

---

मुक्कामपोस्टमिरज | १६ जून, रात्री ९:१०

फोटो बघितले. ताई, वाद्य चांगलं आहे. फळीला चीर नाही, मान सरळ आहे. सांधा दोन जागी सुटलाय, तुम्हाला एकच दिसला. घोडी वाकलीये, ती बदला. ठाण्या-मुंबईकडे कुणी खात्रीचा मिळाला तर तिथेच द्या, कुरिअरने पाठवायची घाई करू नका.

खुंट्यांचं एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात त्या फुगून घट्ट बसतील. जोर लावून पिळायच्या नाहीत, किंचित बाहेर ओढून मग फिरवायच्या. जानेवारीत उलट होईल, रात्रीत सुटून चारही तारा सैल पडलेल्या दिसतील. तेव्हा घाबरून धागा काढू नका.

आणि वाजवून झालं की गज सैल. दर वेळी. ताणलेला ठेवला तर काठीची कमान जाते.

---

सायली_ठाणे | २३ जुलै, रात्री ११:५५

महिनाभराने येतेय. वाद्य आलं दुरुस्त होऊन. सांधे बसवले, साउंडपोस्ट उभा केला, नवी घोडी, नवे केस, नव्या तारा. बिल सांगत नाही, नवरा हे वाचतो.

पहिल्या दिवसाची फजिती ऐका. मुलं क्लासला, नवरा ऑफिसात, आई झोपलेली. दार लावलं, घोंगडी घातली, तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं. गज ताणला, तारेवर ठेवला, ओढला.

आवाजच नाही.

म्हणजे अक्षरशः नाही. रेशमी साडीवरून हात फिरवल्यावर होतो तेवढा सुस्कारा. परत ओढला. दाबून ओढला. काही नाही. मला घाम फुटला. वाटलं, दुरुस्तीवाल्याने फसवलं, नाहीतर २९ वर्षांत मी गज धरायचाच विसरले. दहा मिनिटं तशीच बसले. मग आठवलं. राळ! कोऱ्या केसांना राळ लागलेली नसते. दुकानदाराने नवी वडी दिली होती, ती घासली. तरी काही नाही. नवी वडी काचेसारखी गुळगुळीत, केसांना काही लागतच नव्हतं. शेवटी मुलाच्या क्राफ्टच्या सामानातला सँडपेपर घेऊन वडी खरवडली, मग पांढरी पूड धरली. पंचवीस-तीस वेळा घासून गज परत तारेवर ठेवला.

लागला! कर्कश, फाटका, पण लागला. आई आतून म्हणाली, "दूधवाला आलाय का गं?"

काकांनी सांगितलेल्या मोकळ्या तारा चालू आहेत. वीस सेकंद जमत नाहीत, अकरा-बाराला गज संपतो. मधोमध आला की थरथरतो, जणू मला थंडी वाजतेय.

शेजाऱ्यांसाठी घोडीवर बसवायचा रबरी म्यूट आणलाय. त्याने वाद्य नाकात बोलतं, पण रात्री दहानंतर वाजवता येतं.

---

डॉ_खांदा | २४ जुलै, सकाळी ७:०५

थरथर म्हणजे अंगठा आवळलेला. अंगठा वाकलेला ठेवा, ताठ नको. आणि श्वास सोडा. लोक गज ओढताना श्वास धरून ठेवतात.

---

सायली_ठाणे | २४ जुलै, रात्री १०:३०

डॉक्टर, खरंच श्वास धरत होते. पंधरा सेकंदांवर गेले!

---

चाळीशीचा_चष्मा | ११ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मीही याच बोटीत, वय ५१. शिक्षकाचं पुढे काय झालं? मी एका क्लासमध्ये चौकशीला गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, "नातवाचं नाव घालायचंय का?"

---

सायली_ठाणे | ११ ऑगस्ट, रात्री ११:१०

हाहा, सेम. मला एकांनी फोनवर सांगितलं, मोठ्यांना घेत नाही, मधेच सोडतात. राग आला, पण खोटं कसं म्हणू? मी एकदा सोडलेलंच आहे.

आता एक सर मिळालेत, दर शनिवारी सकाळी. सर २७ वर्षांचे. मी त्यांना 'सर' म्हणते, ते मला 'काकू'. माझ्या आधी सात वर्षांची एक मुलगी आणि नंतर कॉलेजचा एक मुलगा. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "काकू, येतं ते वाजवा." मी मोठ्या ऐटीत दुर्गा रागातली, मध्यमा परीक्षेची गत काढली. चार ओळी बोटांत जशाच्या तशा होत्या! स्वरलिपी आठवत नव्हती, बोटंच पुढे पळत होती. मला वाटलं आता हे म्हणणार, वा.

ते म्हणाले, "तुम्हाला खूप चांगलं शिकवलंय. आता करंगळी टेकवू नका, मनगट आत नका घेऊ, आणि प्लीज फक्त सा लावा."

अख्खा तास सा. पुढचा शनिवार पण सा. त्यांचं म्हणणं, नवख्याला शिकवणं सोपं, त्याच्या हातात काही नसतं. माझ्या हातात आठ वर्षांचं बरोबर आणि आठ वर्षांचं चूक, दोन्ही एकत्र मुरलेलं. चटणीतून मीठ वेगळं काढायचं म्हणतात तसं.

---

एडिसनची_आई | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१५

अंगठा काय म्हणतोय? माझी मुलगी विचारतेय. खरंच विचारतेय, मी तिला तुझा धागा वाचून दाखवते.

---

सायली_ठाणे | १२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

तिला सांग, सुधारतोय. आणि चिकटपट्टी लावलेली नाही, काकांना घाबरून.

---

जुना_गज | १२ ऑगस्ट, सकाळी ९:००

😀

---

मडगांवकार | १९ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. सायली, कुठे गेलीस? चतुर्थीच्या गडबडीत सोडलंस की काय?

---

सायली_ठाणे | २० सप्टेंबर, रात्री ११:३५

सोडलं नव्हतं, पण तीन आठवडे पेटी उघडली नाही. गणपती, ऑफिसचं ऑडिट, मुलाचा ताप. आणि खरं सांगायचं तर एक रेकॉर्डिंग. मोबाइलवर स्वतःचं वाजवलेलं ऐकलं. वाजवताना कानाशी जे ऐकू येतं ते आणि हे, काही संबंध नाही. वाटलं, कशासाठी चाललंय हे? मैफील करायची नाही, परीक्षा द्यायची नाही, विशारद होऊन कुणाला दाखवायचंय?

सरांना मेसेज केला की या महिन्यात जमत नाही. ते म्हणाले, ठीक आहे काकू. त्या 'ठीक आहे'चा पण राग आला.

---

चाळीशीचा_चष्मा | २१ सप्टेंबर, सकाळी ६:५०

सायलीताई, तुमच्यामुळे मी घातलं ना नाव. आता तुम्ही सोडलंत तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

---

जुना_गज | २१ सप्टेंबर, सकाळी ७:३०

रेकॉर्डिंग ठेवा. पुसू नका. दिवाळीनंतर परत एक करा आणि दोन्ही पाठोपाठ ऐका. त्याआधी ऐकायचं नाही.

'कशासाठी' याला माझ्याकडेही उत्तर नाही. मी सकाळी सहाला भैरव वाजवतो. बायको म्हणते, चहा उकळायला बरं पडतं, तुमचा आलाप संपला की पाच मिनिटं झाली.

---

मुक्कामपोस्टमिरज | २१ सप्टेंबर, सकाळी १०:००

पेटी तीन आठवडे बंद? उघडा आधी. पावसाळा आहे, किडे वाट बघतायत.

---

सायली_ठाणे | १५ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मिरजकरांच्या किड्यांमुळे पेटी उघडली. उघडलीच आहे तर म्हटलं सा लावावा. तेव्हापासून परत चालू. सरांनी 'ग' दिलाय आता. खाली. 🙂

आज दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. फरक आहे. फार नाही, पण गज बदलताना जी गचकी बसायची ती गेलीये.

पण लिहायला आले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आज संध्याकाळी म्यूट न लावता दुर्गा काढला. सरांनी परवानगी दिलीये, दिवसातून एकदाच. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिला हल्ली सकाळी काय जेवली ते आठवत नाही, मुलांची नावं उलटीपालटी होतात. मी गत वाजवली. दुसऱ्या ओळीत ध वरून म वर यायचं असतं. ध पहिल्या तारेवर पहिल्या बोटाने, म दुसऱ्या तारेवर तिसऱ्या बोटाने, म्हणजे एकाच क्षणी गज पण वळवायचा आणि बोट पण पोचायला हवं. तिथे मी अडखळले.

आतून आवाज आला, "अजून तिथेच घाई करतेस होय गं?"

मी आत गेले. मेथीची काडी हातात धरून म्हणाली, "गुरुजी काय सांगायचे? मपाशी थांब. बस कुठे सुटत नाहीये." गुरुजींचं हे वाक्य मी स्वतः विसरले होते. तिला क्लासच्या बाहेरच्या पायरीवर बसून ऐकलेलं लक्षात होतं, आठ वर्षं ती मला न्यायला यायची. मग म्हणाली, "परत वाजव." सहा वेळा वाजवायला लावलं. सहाव्या वेळी काही बोलली नाही, मेथी धुवायला उठली.

---

एडिसनची_आई | १५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सायली, मी ऑफिसात बसून रडतेय. मुलीला काय सांगू आता.

---

मडगांवकार | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

देव बरें करूं. ती गत रेकॉर्ड कर, आईच्या आवाजासकट.

---

मुक्कामपोस्टमिरज | १५ नोव्हेंबर, रात्री ११:३२

छान. गज सैल केला का?

---

सायली_ठाणे | १५ नोव्हेंबर, रात्री ११:३३

अरे देवा. आले.